बापाच्या राशीतलं मीठ

माझा नातू शाळेत मास्तर आहे. मी बोलते, तो लिहून घेतो. मध्येच थांबतो आणि म्हणतो, "आजी, हे जरा नीट सांग." मी म्हणते, अरे, ज्यांचं नीट झालं त्यांनी नीट सांगावं. मी सांगते तसं लिही, नाहीतर दौतीला झाकण लाव आणि ऊठ. तो हसतो आणि पुन्हा लिहायला लागतो. पोर गुणाचं आहे.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, राग येतो म्हणून. सांगायला बसलं की ऐकणारा हटकून म्हणणार, बाई, काय देवमाणूस हो तुमचा बाप. ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. देवमाणूस देवळात बरा. ज्या घरात तो राहतो त्या घरातल्या माणसांना आधी विचारा.

आमचं घर बाळकुमाला, खाडीच्या काठी. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारी. उधाणाचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवून उन्हात आटवायचं, आणि शिमग्यापासून वैशाखापर्यंत मीठ ओढून त्याच्या राशी लावायच्या. आज्याच्या वेळी आमचे स्वतःचे वाफे होते. बापाच्या वेळी एकही उरला नव्हता. कुणी लुबाडले नाहीत, दर्यानं नेले नाहीत, दारूतही गेले नाहीत. माझ्या बापानं ते ठाण्याच्या कचेरीत उभं राहून तोंडानं घालवले.

झालं ते असं. शेजारच्या आगराच्या, म्हणजे मिठागराच्या, मालकाचं आणि माझ्या चुलत्याचं बांधावरून भांडण लागलं. बांध आमचा की त्याचा, एवढाच प्रश्न. जुना दगड कुठं होता ते माहीत असलेला माणूस एकच, माझा बाप. चुलत्यानं आदल्या दिवशी येऊन त्याचे पाय धरले. म्हणाला, "दादा, नुसतं म्हण की आठवत नाय." बाप म्हणाला, "पण मला आठवतं ना." कचेरीत जाऊन त्यानं दगड कुठं होता ते बोट दाखवून सांगितलं. दगड पलीकडं होता. बांध गेला, दाव्याच्या खर्चात वाफे गेले, आणि चुलता बायकोपोरं घेऊन जो उरणकडं निघून गेला तो आमच्या दारात परत उभा राहिला नाही. ज्यानं ते वाफे घेतले त्याच मालकानं पुढं बापाला राखणीला ठेवलं. इतका खरा राखणदार दुसरा कुठं मिळणार त्याला?

ही राखणीची नोकरी म्हणजे आमचं सगळं. मीठ ओढायचं काम उन्हाळ्यापुरतं, पण राशी पावसाळ्यातही गवताखाली झाकून आगरावरच असायच्या, म्हणून राखणीचं भात बारा महिने मिळायचं. पोटभर नव्हे. मरू नये इतकं. त्यातलंही बाप कुणाला ना कुणाला देऊन यायचा. गावात कुणाचा तंटा असला की बोलवा त्याला. हा जाणार, मधोमध बसणार, न्याय करणार, आणि येताना पानसुपारी घेऊन येणार. वाटेत कुणी म्हातारी रडली तर कमरेला असेल ते तिच्या पदरात टाकणार. आयस म्हणायची, "गावाचा धर्मराज, आणि घरात चुलीला राख नाय."

आयस म्हणजे माझी आई. आता तिच्याबद्दल सांगते. बुटकी, काळीसावळी, जिभेची तिखट. लेकी बोले सुने लागे, हे तिच्याकडून शिकावं. मला शिव्या द्यायची त्या बापाला ऐकू जाव्यात म्हणून. हसायची पण खूप. आणि खोटं असं बोलायची की ऐकत राहावं. दुकानदाराला सांगायची माझा भाऊ मुंबईला गोदीत लागला, पुढच्या अमावास्येला पैसे धाडणार. तिला भाऊ नव्हताच. शेजारणीला सांगायची पोरीच्या पोटात दुखतंय, चमचाभर तूप दे गो. ते तूप माझ्या धाकट्या भावाच्या पेजेत जायचं. आम्ही तीन पोरं जगलो ती तिच्या खोट्यावर. मी थोरली, मग पाच वर्षांचा एक भाऊ, मग अंगावर पिणारा एक. मधली दोन गेलेली.

बाहेर कुणी विचारलं, जेवलीस का, तर काय बोलायचं ते तिनं मला बोलता यायला लागलं तेव्हापासून शिकवलं होतं. जेवलो, मासळीभात. एकदा असंच पाटलाच्या बायकोनं दारात उभं राहून विचारलं आणि मी म्हटलं, जेवलो. बाप तिथंच जाळं दुरुस्त करत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "नाय जेवली. घरात काय नव्हतं." पाटलीणबाई ओशाळल्या, भाकरी घेऊन आल्या. आयसनं ती घेतली नाही. त्या गेल्यावर तिनं मला उलथन्यानं मारलं, गावासमोर नाक कापलं म्हणून. आता नाक कुणी कापलं होतं? पण बापाला कसं मारणार, मग मलाच. आणि बाप? बापानं दोन दिवस माझ्याकडं बघितलंच नाही. मी पाणी दिलं तर पाणी घ्यायचा, भाकरी दिली तर भाकरी घ्यायचा, नजर भिंतीकडं. का, तर मी खोटं बोलले.

इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलले तर आयस मारायची, खोटं बोलले तर बाप बघायचा नाही. आणि मी तुम्हाला सांगते, मार परवडला. माराचं दुखणं दुसऱ्या दिवशी जातं. बाप बघत नसला की मला वाटायचं मी आहे की नाही. म्हणून मी काय काय करायचे. त्याच्या वाटेवर उभी राहायचे. त्याला ऐकू जाईल असं मुद्दाम खरं बोलायचे, न विचारता सुद्धा. आये, मी एक भाकर जास्त घेतली. आये, मडकं मी फोडलं. आयस कपाळाला हात लावायची. बाप कधीतरी हलकी मान डोलवायचा, आणि ती डोललेली मान मी चार-चार दिवस पुरवायचे.

अजून माझ्यात दोघंही भांडतात. या घरात कशाची कमी नाही, तरी उशीखाली भाकरीचा तुकडा असल्याशिवाय मला झोप येत नाही. सुना हसतात. आणि कुणी कौतुकानं दोन शब्द बोललं की मी वितळते, मग तो माणूस माझ्याकडून काय हवं ते काढून घेऊ शकतो. पोटाची भूक मेली. ही मेली नाही.

बरं. मिठाचं ऐका आता, कारण सगळं त्यावरच आहे. गोऱ्या सरकारनं मिठावर कर बसवलेला. आम्ही मीठ पिकवायचो, पण चिमूटभर घरी नेलं तर चोरी. नाक्यावर शिपाई बसायचा. राशीवर लाकडी छापे मारून ठेवायचे, राशीला हात लागला की छापा मोडायचा आणि चोरी कळायची. मीठ दुकानातून विकत घ्यायचं, तेच मीठ, दसपट भावानं. कुठून घेणार? म्हणून आगरात काम करणाऱ्या बायका काय करायच्या, दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून लुगड्याचा काठ भिजलेला असायचा, तो घरी येऊन वाटीभर पाण्यात पिळायच्या आणि त्या पाण्यात भात शिजवायच्या. लुगडं थोडंच कुणी जप्त करतो? सगळ्या करायच्या. शिपायालाही माहीत होतं. आयसही करायची. माझा बाप तेवढा एक अळणी जेवायचा. म्हणायचा, ते पाणी आगराचं. आयस म्हणायची, "तुमच्या धर्माला मीठ नाय लागत. पोरांच्या पेजेला लागतं."

मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी माझं स्थळ आलं. खडवलीच्या पलीकडचा एक बिजवर, चाळिशीचा, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मागं दोन पोरं. देज चांगलं देत होता. आमच्यात तेव्हा मुलीच्या बापाला पैसे मिळायचे, त्याला देज म्हणायचे. लग्न झालं की लगेच जायचं होतं, कारण त्याच्या घरात पोरांना बघायला कुणी नव्हतं. मी ऐकलं आणि आयसच्या कमरेला मिठी मारून बसले. सोडेचना. मला खडवली म्हणजे काय माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की तिथं आयस नसणार.

आयस बापाला म्हणाली, "पोर लहान हाय, आता नको." बाप म्हणाला, "मलाही नको. पण राखणीच्या भातात पावसाळ्यात पाच तोंडं भागत नाय. मागल्या पावसाळ्यात काय झालं ते बघितलंस." मागल्या पावसाळ्यात मधलं एक पोर गेलं होतं. आयसनं पदर खोचला. मग म्हणाली, "मिरगाच्या आधी मी चार महिन्यांचं कालवण घरात भरून दाखवते. भरलं तर पोर माझ्याजवळ राहील. बोला." बाप म्हणाला, "राहील." बापाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तेव्हा मला हायसं वाटलं. आता सगळं आयसवर होतं, आणि आयस कधी हरत नाही असं मला वाटायचं.

वैशाखात एके दिवशी कोळ्यांच्या जाळ्यात शिंगाळी इतकी आली की बाजारात कुणी घेईना. आयस पहाटेपासून कोळणींबरोबर मासळी साफ करत बसली आणि मजुरी म्हणून पाटीभर शिंगाळी घेऊन आली. डोक्यावर पाटी, तोंडावर हसू. "बाय, झालं गो आपलं काम. हे खारवून रांजणात भरलं की गौरीपर्यंत बघायला नको." मग ती थांबली. खारवायला मीठ पाहिजे. लुगड्याच्या काठानं पाटीभर मासळी खारत नाही. दुकानदार भावाच्या गोष्टीला आता भुलत नव्हता. शेजारपाजारच्या घरात चिमूट-चिमूट. वैशाखाचं ऊन, मासळी संध्याकाळपर्यंत सडणार.

बापाची भाकरी घेऊन दुपारी मीच आगरावर जायची. आयसनं टोपलीत भाकरी ठेवली, वर फडकं घातलं, आणि माझ्याकडं बघत राहिली.  मीच म्हटलं, "आये, टोपली येताना रिकामीच असते." तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. हाताला मासळीचा वास होता. म्हणाली, "तिसऱ्या राशीच्या मागच्या अंगानं. छापा वर हाय, खाली नाय. खालून काढ."

बाप रात्रभर जागा असायचा, दुपारी जेवून खोपटीत झोपायचा. तो जेवला, आडवा झाला, घोरायला लागला. मी तिसऱ्या राशीच्या मागं गेले. खालून उकरत गेले. हाताला चिरा पडलेल्या, त्यात मीठ जात होतं, मी ओठ चावून उकरत होते. टोपली भरत आली तेव्हा वरून मीठ घसरलं आणि छाप्याचा एक कोपरा खाली आला. मी हातानं वर ढकलायला गेले तर आणखी घसरलं. मग मी फडकं घातलं, टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. नाक्यावर शिपायानं विचारलं, "काय गो, आज टोपली जड दिसते?" मी म्हटलं, "बाबाचं धुणं हाय. ओलं." तो म्हणाला, "जा." मी एवढं छान खोटं बोलले होते की घरी जाऊन कधी आयसला सांगते असं झालेलं.

आयस हसली, रडली, माझ्या गालाचा मुका घेतला. दुपारभर आम्ही दोघी शिंगाळी चिरत होतो, पोटात मीठ भरत होतो, रांजणात थर लावत होतो. ती गाणं म्हणत होती. सांगते तुम्हाला, माझ्या सबंध बाळपणात ती एक दुपार मी आयसची झाले होते, पूर्ण.

दिवस मावळायच्या आधी बाप रात्रीच्या राखणीवर जाण्यापूर्वी घरी आला. रांजण बघितला. खाली सांडलेला मिठाचा एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. त्याला जिभेवर कळायचं मीठ कोणत्या वाफ्यातलं. सगळ्या जुन्या आगऱ्यांना कळायचं. काळ्या चिखलाच्या वाफ्यातलं जरा कडसर लागतं, रेतीच्या वाफ्यातलं साफ. बाप खडा चघळत उभा राहिला. आयसला म्हणाला, "कुठून आणलं?"

"बाजारातून."

"हे माझ्या तिसऱ्या राशीचं हाय."

आयस खोटं बोलायचं थांबली. तिनं सरळ त्याचे पाय धरले. म्हणाली, "टोपलीभर गेलं. खाडी आटली नाय. पोर घरात राहील हो. अवो, पोर राहील." बापाचा चेहरा मी बघत होते. त्यालाही नको होतं. तो लाकडाचा नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यानं पाय सोडवून घेतले आणि म्हणाला, "राखण माझी हाय." आणि राशीतलं मीठ गेल्याची वर्दी द्यायला नाक्याकडं चालता झाला. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीठखात्याचा अंमलदार घोड्यावरून आला. बरोबर दोन शिपाई आणि आगराचा मालक. निम्मं गाव बांधावर जमलं. अंमलदार वयस्कर होता, पुण्याकडचा असावा, बोलणं तसं स्वच्छ. त्यानं रास बघितली, मोडलेला छापा बघितला, बापाला बघितलं, आयसच्या कडेवरचं पोर बघितलं. शेतात ढोर मेलं तर जसा माणूस कंटाळतो तसा तो कंटाळलेला दिसत होता. बापाला म्हणाला, "परवा इकडे वळवाची सर येऊन गेली ना? सरीनं रास खचते. छापाही मोडतो."

मालक लगेच म्हणाला, "आली होती, रावसाहेब. जोरात आली."

एवढंच होतं. बापानं नुसती मान हलवली असती तरी अंमलदार घोड्यावर बसून गेला असता. त्यानं तोंडात घास करून भरवला होता. बाप म्हणाला, "सर कळव्याला आली. इकडं टिपूस नाय."

"मग मीठ गेलं कुठे?"

"माझ्या घरात."

"कुणी नेलं?"

"ते मी डोळ्यांनी नाय बघितलं. जे बघितलं नाय ते मी सांगत नाय."

अंमलदारानं कपाळाचा घाम पुसला. इकडंतिकडं बघितलं आणि मला जवळ बोलावलं. मी गेले. तो वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "मुली, तू सांग. परवा पाऊस आला होता की नाही? घाई नको. नीट आठव. लहान मुलांना पाऊस बरोबर लक्षात राहतो." मी दहा वर्षांची होते, पण खुळी नव्हते. मला कळलं की हा माणूस मला सोडवायला बघतोय. एक शब्द बोलायचा होता. आला. रांजण घरात राहिला असता, राखण राहिली असती, मी राहिले असते. मी आयसकडं बघितलं. ती ओठांनी बोलत होती, आवाज न करता, आला म्हण, आला म्हण. सगळं गाव श्वास धरून उभं होतं, आणि गावालाही तेच हवं होतं.

मग मी बापाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा. डोळ्यांत डोळे घालून.

मी म्हटलं, "नाय आला. मीठ मी आणलं."

अंमलदार सरळ उभा राहिला. आता त्याचा इलाज नव्हता. दहा वर्षांच्या पोरीला तो तुरुंगात घालणार नव्हता, पण चोरीचं मीठ घरात सापडलं म्हणून बापावर दंड बसवला, आणि रांजण खाडीत रिता करायला सांगितला. शिपायांनी रांजण बांधावर आणून उलटा केला. ओहोटी होती. शिंगाळी चिखलात पडली. आयसनं धाकट्याला माझ्या हातात दिलं आणि ती चिखलात उतरली. मांडीभर चिखलात एकेक शिंगाळी वेचून लुगड्याच्या ओच्यात टाकत होती. शिपाई ओरडत होते. शेवटी त्यांनी खाली उतरून तिला दंडाला धरून ओढून काढलं आणि ओचा झटकला. गावातलं कुणी हललं नाही. बापही नाही.

मालकानं त्याच दिवशी बापाला राखणीवरून काढलं. काढताना काय म्हणाला ते माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणाला, "चोर असतास तर ठेवला असता. चोराला कसं सांभाळायचं ते मला कळतं. तुला कसं सांभाळू?"

दंड भरायला देजाशिवाय दुसरं काही नव्हतं. खडवलीला होकार गेला. आयसनं मला मारलं नाही. मी वाट बघत होते, रोज, आज मारेल, उद्या मारेल. तिनं उलथनं उचललंच नाही. मला जेवू घालायची, वेणी घालायची, बोलायची नाही. बापाच्या शिव्याही मला देईना. एकदाच, वेणी घालताना म्हणाली, "बापाची लेक." बस, तेवढंच. मी मागं वळून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं तर तिनं ते हळूच उचलून सरळ केलं आणि वेणी पुरी केली.

देजाचं लग्न म्हणजे नवऱ्याच्या गावी. जेठ महिना, मिरग तोंडावर आलेला. बाप मला घेऊन निघाला, बरोबर गावातली एक म्हातारी पाठराखीण म्हणून. आयस धाकट्याला घेऊन उंबऱ्यात उभी होती. अंगणात बापानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, "त्या दिवशी खरं बोललीस, बाय. माझी लेक शोभलीस."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मला विकायला नेत होते हो, माझ्या आयसपासून तोडून, आणि मला आनंद झाला. त्या हाताचं वजन डोक्यावर तसंच ठेवून मी चालत सुटले, बापाच्या बरोबरीनं, मोठी पावलं टाकत. कळवा मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आयसकडं वळून बघितलं नाही. एकदाही नाही. तिथून परत फिरता येत नव्हतं.

नवरा वाईट नव्हता. ती वेगळी गोष्ट आहे आणि ती मला सांगायची नाही. त्याच्या दोन पोरांचं शी-शू काढताना माझे दिवस जात होते. कल्याणच्या बाजाराला कुणी गेलं की मी विचारायचे, बाळकुमाकडचं कुणी भेटलं का. पावसात कोण कुणाला भेटतं?

श्रावण अर्धा गेल्यावर एक दिवस बाप आला. इरलं पाठीवर, पाय गुडघ्यापर्यंत फुटलेले, अंगावर मास उरलेलं नव्हतं. पडवीत बसला. मी पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि सांगायला लागला. सांगण्याची त्याची पद्धत एकच. आधी काय, मग काय, कमी नाही, जास्त नाही. आषाढात घरात काही नव्हतं. आयसचं दूध आटलं. धाकटा गेला. पाच वर्षांच्या भावाला गावच्या पाटलांनी गुरं राखायला ठेवून घेतलाय, तो जेवतो. मग आयसला ताप आला. मजुरी कुठं नव्हती. तिला पेजसुद्धा देता आली नाही. सहा दिवस पडून होती. गेल्या सोमवारी गेली.

मी ऐकत होते. चुलीवर भात होता, नवऱ्याची पोरं दारात खेळत होती. मला रडू येत नव्हतं. माझ्या मनात एकच गोष्ट होती, घरातून निघाले त्या दिवसापासून होती, आणि ती विचारायला जगात फक्त हाच एक माणूस उरला होता. मी त्याच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "बाबा, आयसनं जाताना माझी आठवण काढली का?"

 त्यानं आठवून बघितलं. डोळे मिटून, ते सहा दिवस एकेक करून, अगदी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. मग डोळे उघडले आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाला, "नाय."

एवढं तरी खोटं बोलायचं होतंस रे, बाबा.